व्रत कोणासाठी मोडावं

रविवारी पळावं की पळू नये, हा प्रश्न मला साताऱ्यात कधीच पडला नसता. तिथे रविवार म्हणजे पहाटे यवतेश्वरच्या घाटाला लागायचं, ऊन चढायच्या आत खाली यायचं आणि घरी येऊन पोहे खायचे. एडिंबरात आले आणि हा प्रश्न एका बाईच्या रूपाने माझ्यासमोर उभा राहिला.

आमच्या धावण्याच्या क्लबात ती माझ्या कितीतरी आधीपासून आहे. साठी ओलांडलेली, निवृत्त नर्स, चढावर आम्हा सगळ्यांच्या पुढे. मंगळवारी ट्रॅकवर येते, गुरुवारी कालव्याकाठच्या वाटेवर डोक्याला दिवा बांधून येते. फक्त रविवारी येत नाही. आणि आमच्यासारख्या नोकरी सांभाळून पळणाऱ्यांचा लांब पल्ल्याचा दिवस तर नेमका तोच. ती स्कॉटलंडच्या लुईस बेटावरची, रविवारची विश्रांती काटेकोर पाळणाऱ्या फ्री चर्च पंथाची. तिच्या लहानपणी शनिवारी संध्याकाळी बागेतल्या झोपाळ्यांना साखळ्या घालून ठेवत, रविवारी कोणी झोके घेऊ नयेत म्हणून. त्या बेटावरच्या स्टॉर्नोवे बंदरातून रविवारची नियमित फेरीबोट सुरू झाली ती २००९ साली, आणि तेव्हाही धक्क्यावर काही लोक प्रार्थना म्हणत विरोधाला उभे होते. तिच्याबरोबर मी एकदा त्यांची गेलिक भाषेतली स्तोत्रं ऐकायला गेले होते. वाद्य एकही नाही. एक जण पुढे होऊन ओळ सांगतो आणि सगळी सभा आपापल्या गतीने, आपापल्या वळणाने ती ओळ उचलते. फलटणच्या वाटेवर पालखीमागे चालताना दिंडीत अभंगाचं चरण असंच पुढून मागे येताना ऐकलेलं असल्यामुळे मला तिथे परकं वाटलं नाही.

मी तिला एकदा विचारलं, इतकी वर्षं नर्स होतीस, रविवारची पाळी केलीच असशील ना? म्हणाली, केली की, पुष्कळ केली. मग पळायला काय हरकत? त्यावर तिने जे सांगितलं ते मला फार मोलाचं वाटतं. त्यांच्या पंथात वेस्टमिन्स्टरची प्रश्नोत्तरी आहे, १६४७ सालची, मुलांकडून ती तोंडपाठ करून घेतात. रविवारच्या विश्रांतीला त्यातच दोन अपवाद सांगितले आहेत: केल्यावाचून गत्यंतर नाही असं काम, आणि दयेचं काम. रोग्याचं अंग पुसणं दोन्हींत बसतं, ती म्हणाली. माझं दोन तास पळणं एकातही बसत नाही.

असा एक नेम माझाही आहे, एकादशी; ती माझ्याकडे आजीकडून आली. आजी गेली त्या वर्षी मी ती धरली, कोणी धर म्हणालं नव्हतं. मी फार देवदेव करणारी नाही. इथे माझ्या स्वयंपाकघरातल्या फडताळात विठ्ठलाची एक छोटी तसबीर आहे, तेवढंच. पण महिन्यातल्या दोन एकादश्या मी पाळते. लीथ वॉकवरच्या दुकानात साबुदाणा मिळतो, वरी मिळते, राजगिऱ्याचं पीठ कधी मिळतं कधी नाही. एकादशी कोणत्या दिवशी धरायची हाही प्रश्नच असतो. तिथी लागण्याचा क्षण जगभर एकच, पण दिवस ठरतो तो त्या त्या गावच्या सूर्योदयावर. डिसेंबरात इथे सूर्य पावणेनऊच्या सुमाराला उगवतो, तेव्हा साताऱ्यात दुपारचे सव्वादोन वाजून गेलेले असतात. तिथल्या आणि इथल्या सूर्योदयांमधल्या त्या सात तासांत दशमी संपून एकादशी लागली, तर माझी एकादशी आईच्या एकादशीच्या आदल्या दिवशी येते. आई फोनवर म्हणते, "अगं, विठ्ठल पंढरपुरात आहे ना, मग तिकडचा सूर्य कशाला बघतेस?" मी म्हणते, "आई, उगवलेला मला इथलाच दिसतो गं." तिला ते पटत नाही. मला पटतं. व्रत जिथे आपण उभे आहोत तिथल्या उजेडात करायचं असतं.

हौशी धावपटूचं आयुष्य बाहेरून बघणाऱ्याला छंद वाटतं, आतून ते व्रतच असतं. मी एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासते. संध्याकाळी सुटते तेव्हा हिवाळ्यात अंधार पडून दोन तास झालेले असतात. फोर्थच्या खाडीवरून वारा येतो, वसंतात समुद्रावरचं दाट धुकं शहरात शिरतं आणि आर्थर्स सीटचा डोंगर त्यात दिसेनासा होतो. अशा वेळी मी बाहेर पडले नाही तर जगात कोणाचंही काही अडत नाही. मला पगार नाही, प्रशिक्षक हजेरी घेत नाही, मी देशाकडून पळत नाही. तरी बूट घालायचे ते ठरवलं आहे म्हणून. एकादशीचंही तसंच. ती मोडली तर विचारणारं इथे कोणी नाही. म्हणून ज्याला धर्मातलं व्रत समजून घ्यायचं आहे त्याने हौशी खेळाडूंकडे नीट बघावं असं मला मनापासून वाटतं. कोणी बघत नसताना पाळलेला नेम म्हणजे काय, हे त्यांना शरीरातून कळलेलं असतं.

पण दोन व्रतं एकमेकांच्या आड आली की विचार करावा लागतो. एका वर्षी ज्या अर्धमॅरेथॉनसाठी मी सगळा हिवाळा घासला होता, तिच्या रविवारी एकादशी आली. शर्यतीच्या सकाळी लापशी खायची, वाटेत एनर्जी जेलच्या पुड्या घ्यायच्या, ही माझी पद्धत. लापशी ओटची, म्हणजे धान्य. जेलमधली साखर बहुतेक वेळा मक्याच्या स्टार्चपासून काढलेली, म्हणजे तेही धान्यच. क्लबातल्या मंडळींचं म्हणणं सरळ होतं: एक दिवस सोड, तुझा देव एवढा कोता असेल का? हा युक्तिवाद मी पुष्कळ ठिकाणी ऐकला आहे, आपल्याकडेही. त्यात देवाच्या मोठेपणाचा आधार घेऊन आपली सोय करून घेतलेली असते, म्हणून मला तो आवडत नाही. मी लुईसच्या त्या बाईला विचारलं. ती म्हणाली, एरिक लिडलचं वाच, पण पॅरिसपाशी थांबू नकोस.

लिडलचं पॅरिस बहुतेकांना माहीत असतं, १९८१ च्या 'चॅरियट्स ऑफ फायर' या सिनेमामुळे. एडिंबरा विद्यापीठाचा हा विद्यार्थी, मिशनऱ्याचा मुलगा, जन्म चीनमधल्या तिआनजिनचा, १९०२ चा. स्कॉटलंडकडून रग्बी खेळलेला. १९२३ साली त्याने १०० यार्ड ९.७ सेकंदांत पळून ब्रिटनचा विक्रम केला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचं सुवर्ण तो आणेल असं सगळे धरून चालले होते. त्या शर्यतीच्या प्राथमिक फेऱ्या ६ जुलैला, रविवारी होत्या. तो पळाला नाही. सिनेमात त्याला हे बोटीवर चढताना कळतं. प्रत्यक्षात वेळापत्रक त्याला कित्येक महिने आधी माहीत होतं, आणि मला हे सिनेमातल्या नाट्यापेक्षा मोठं वाटतं. ऐनवेळच्या आवेशात नकार देणं सोपं असतं. त्याने टीका सोसत महिने काढले आणि त्या महिन्यांत ४०० मीटरची तयारी केली. रिलेच्या दोन शर्यतीही त्याने याच कारणाने सोडल्या. त्या रविवारी तो पॅरिसमधल्या स्कॉटिश चर्चमध्ये होता. नंतर २०० मीटरमध्ये त्याला कांस्य मिळालं, आणि ११ जुलैला ४०० मीटर त्याने ४७.६ सेकंदांत जिंकली. आठवड्याभरात एडिंबरात त्याचा पदवीदान समारंभ झाला, तेव्हा कुलगुरूंनी त्याच्या डोक्यावर पानांचा मुकुट ठेवला आणि विद्यार्थ्यांनी त्याला खांद्यावर घेऊन सेंट जाइल्स कॅथीड्रलपर्यंत नेलं. पुढच्याच वर्षी तो शिक्षक म्हणून चीनला निघून गेला.

इथे थांबलं तर गोष्ट नेमाच्या विजयाची होते. नेम पाळला, देवाने भरपाई केली. मला ही गोष्ट अशी सांगितलेली आवडत नाही, कारण मग व्रत म्हणजे देवाशी केलेला सौदा ठरतो.

दुसरा भाग वेईशियनचा आहे. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी उत्तर चीनमधल्या ब्रिटिश, अमेरिकन आणि इतर परकीय नागरिकांना आजच्या शानतुंग प्रांतातल्या वेईशियनच्या छावणीत डांबलं. लिडल १९४३ मध्ये तिथे गेला. बायको आणि मुलींना त्याने आधीच कॅनडाला पाठवलं होतं. धाकटी तर तिथेच जन्मली, तिला त्याने कधी पाहिलंच नाही. छावणीत मिशनऱ्यांच्या एका निवासी शाळेतली मुलं होती, आईबापांपासून तुटलेली. लिडल त्यांना शिकवायचा, म्हाताऱ्यांचं पाणी भरायचा, मुलांचे खेळ घ्यायचा. रविवारी मात्र खेळ नाही, हा नेम तिथेही होता. एका रविवारी काही मुलांनी आपापलीच हॉकी मांडली, पंच कोणी नव्हता, आणि खेळाचा शेवट मारामारीत झाला. पुढच्या रविवारी लिडल पंच म्हणून मैदानात उतरला.

ऑलिंपिकच्या सुवर्णपदकासाठी ज्याने रविवार सोडला नाही, त्याने तो कोंडलेल्या पोरांच्या हॉकीसाठी सोडला. त्याने याचं काही तत्त्वज्ञान लिहून ठेवलं नाही. पण मला या दोन रविवारांत एकच माणूस दिसतो, आणि एकच नियमही दिसतो. पॅरिसमध्ये व्रत मोडण्याचा लाभ त्याला स्वतःला होता. वेईशियनमध्ये त्याला काहीच मिळणार नव्हतं, गरज मुलांची होती.

आजीने मला हे दुसऱ्या नावांनी सांगितलं होतं. एकनाथ महाराज काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघाले, ही आख्यायिका आपल्याकडे घरोघर सांगतात. वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडत होतं. नाथांनी कावड त्याच्या तोंडात रिकामी केली. संकल्प रामेश्वराचा होता, शेकडो कोस चालून झाले होते, आणि पुण्य हातातोंडाशी आलेलं होतं. आजी ही गोष्ट सांगताना गाढवाचं नाव आलं की हसायची नाही. ती म्हणायची, नाथांना रामेश्वर तिथेच भेटला. लहानपणी मला हा चमत्कार वाटायचा, आता वाटतं ती धर्मनिर्णयाची गोष्ट आहे. तहान नाथांना लागली असती तर कावडीतलं पाणी त्यांनी घेतलं असतं का? माझी खात्री आहे, घेतलं नसतं.

याच्या उलट भीष्म. राज्य आणि विवाह दोन्ही सोडण्याची प्रतिज्ञा त्याने बापाच्या सुखासाठी, सत्यवतीच्या होणाऱ्या मुलांसाठी केली. पुढे तीच सत्यवती, दोन्ही मुलगे मेल्यावर, त्याला विनवते की आता तूच वंश सांभाळ. जिच्यासाठी प्रतिज्ञा केली तीच त्यातून मोकळं करत होती. तो म्हणाला, नाही. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये भीष्माला जे कठोर प्रश्न विचारले ते वाचताना मला प्रथम धक्का बसला होता. आपण त्याला आदर्श मानतच वाढलेलो असतो. पण त्याच्या हट्टाची किंमत अंबेने भरली, अंबिका आणि अंबालिकेने भरली, आणि शेवटी सगळ्या कुळाने भरली. प्रतिज्ञा ज्यांच्यासाठी होती ती माणसं बाजूला पडली आणि प्रतिज्ञा करणारा तेवढा मोठा होत गेला. व्रताचा सगळ्यात मोठा धोका मला हाच वाटतो. आळसाने मोडलेला नेम माणसाला फार तर लहान करतो, पण असा पाळलेला नेम आजूबाजूच्यांना चिरडतो.

आपल्या धर्मशास्त्रालाही हे ठाऊक आहे. उपवास कशाने मोडत नाही याची एक जुनी यादी आहे, महाभारतात येते: पाणी, कंदमुळं, फळं, दूध आणि यज्ञातलं हवि यांच्या जोडीला तीत औषध आहे, गुरूचा शब्द आहे, ब्राह्मणाची इच्छा आहे. जातीचा जो शिक्का तिच्यावर आहे तो मला नको, तो काळाबरोबर गेला पाहिजे. पण दुसऱ्या माणसाचं मागणं हे अन्नपाण्याच्या बरोबरीने अपवादात बसवलेलं आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. वेस्टमिन्स्टरच्या पंडितांनी दयेचं काम म्हटलं ते यापासून फार लांब नाही. येशूचे शिष्य शब्बाथाच्या दिवशी भुकेने कणसं तोडून खातात आणि तो त्यांची बाजू घेतो, ही गोष्टही त्याच वाटेवरची.

म्हणजे माझ्यापुरता निर्णय असा: मोडण्याने ज्याचा फायदा तो मीच असेन, तर व्रत पाळायचं. गरज दुसऱ्याची असेल, तर मोडायचं, आणि मोडताना हळहळायचं नाही. त्या एकादशीला मी उपास धरला. सकाळी रताळं आणि केळी खाल्ली, खिशात जेलऐवजी खजूर ठेवले. वेळ मागे पडली. ज्या वेळेसाठी हिवाळा घासला ती मिळाली नाही आणि मी अतिशय आनंदात घरी आले. आईला फोन केला तर ती म्हणाली, "बरं केलंस बाई," आणि मग लगेच, "पण आता काही खाल्लंस का?"

या निर्णयाला एक जड आक्षेप आहे आणि त्याचं नाव जोनाथन एडवर्ड्स. हाही पाद्र्याचा मुलगा, तिहेरी उडीतला ब्रिटिश खेळाडू. रविवारी खेळायचं नाही म्हणून १९९१ च्या टोकियोच्या जागतिक स्पर्धेला तो गेला नाही. १९९३ मध्ये त्याने निर्णय बदलला, रविवारी खेळू लागला. १९९५ मध्ये गोथेनबर्गला १८.२९ मीटर उडी मारली, तो जागतिक विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. २००० साली सिडनीत सुवर्ण. आणि निवृत्तीनंतर, २००७ मध्ये, त्याने जाहीरपणे सांगितलं की आपली श्रद्धा उरलेली नाही. माझ्या कसोटीवर लावलं तर १९९३ मध्ये फायदा त्याचाच झाला, म्हणून तो चुकला असं म्हणावं लागेल. मला तसं म्हणवत नाही. त्याने स्पर्धेच्या सकाळी पळवाट शोधली नव्हती. पुष्कळ विचार करून, देवाने दिलेलं हे अंग रविवारीही त्याचंच आहे असं मानून, त्याने सगळ्यांदेखत नेम संपवला. आपल्याकडे व्रताला उद्यापन असतं ना. सोळा सोमवार करणाऱ्या बाईने सतराव्या सोमवारी जेवण केलं तर तिने व्रत मोडलं असं कोणी म्हणत नाही. संपवणं वेगळं आणि त्या दिवशीच्या मोहापायी मोडणं वेगळं. एडवर्ड्सने उद्यापन केलं असं मी समजते. पुढे त्याची श्रद्धा गेली यात काहींना रविवार सोडल्याची शिक्षा दिसते. हे दुष्टपणाचं बोलणं आहे. श्रद्धा जाणं ही माणसाच्या आतली गोष्ट आहे, तिचा हिशेब बाहेरच्यांनी मांडू नये.

लुईसच्या त्या बाईचा नवरा गेल्या हिवाळ्यात वारला. अंत्यविधी झाल्यावर इथल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांना खायला बोलावलं होतं: मोठ्या ताटांत मांस भरलेले पाइ, सँडविच, चहा. त्या दिवशी एकादशी होती, तिला माहीत नव्हतं, माहीत असायचं कारणही नव्हतं. सगळ्यांशी हात मिळवून ती दमली होती. चीजच्या सँडविचची बशी घेऊन माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, माझ्याच्याने एकटीने खाववत नाही, तू घे ना बरोबर. मी घेतलं. आम्ही दोघींनी ती बशी संपवली. तिने मला त्यांच्या लग्नाआधीच्या गोष्टी सांगितल्या, तो गुडघ्याभर चिखलात जळणासाठी पीटची माती कशी कापायचा ते सांगितलं. द्वादशीला मी काही प्रायश्चित्त घेतलं नाही, घेण्यासारखं काही घडलेलंच नव्हतं.

परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये मला दोन प्रकारचे लोक भेटतात. एक, ज्यांनी इकडे आल्यावर सगळे नेम सोडून दिले, कारण इथे जमत नाही. दुसरे, ज्यांनी ते इतके घट्ट धरले की शेजाऱ्याच्या घरी पाणीही घेत नाहीत. दोघांनाही माझी विनंती एकच आहे: एडिंबरात आलात तर ब्रन्ट्सफील्डच्या पुढे होली कॉर्नर नावाचा चौक लागतो, तिथे जा. चारही बाजूंना चर्चच्या इमारती आहेत. लिडल विद्यार्थी असताना याच चौकातल्या एका चर्चमध्ये जायचा. समोरच्या जुन्या चर्चच्या इमारतीत आता त्याच्या नावाची संस्था आहे, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना दिवसभर तिथे सांभाळतात.